अकरा मीटर रस्ता

मुळात मला फक्त एक खाच कापायची होती.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या इमारतीत या प्रकरणाच्या तीन-चार आवृत्त्या फिरताहेत. एकीत मी घरात चोरून दवाखाना चालवत होतो. दुसरीत मी जेवणाच्या खोलीतून रस्ता काढणार होतो आणि समितीने वेळेवर लक्ष घातलं म्हणून इमारत वाचली. जिन्यात भेटणारी माणसं हल्ली माझ्याकडे जरा थांबून बघतात. तेव्हा खरी हकीकत काय ती मीच सांगितलेली बरी.

पाच फूट बाय साडेतीन फूट प्लायवूडचा एक तुकडा, त्यावर वळणावळणाचा रेसचा रस्ता आणि त्यावरून आपली आपण धावणारी बोटभर लांबीची गाडी, एवढाच माझा बेत होता. गाडीच्या पोटाखाली, पुढच्या चाकांना जोडलेला एक छोटा लोहचुंबक असतो. रस्त्यात खाच कापायची, खाचेत तार चिकटवायची, वरून पुट्टी भरून रंग द्यायचा. चुंबक तारेचा माग काढत जातो, चाकं चुंबकाबरोबर वळतात, आणि बघणाऱ्याला वाटतं की गाडीला स्वतःची अक्कल आहे. हे सगळं मी एका मासिकात वाचलं होतं. लेखाच्या शेवटी ‘सुट्टीच्या दोन दिवसांत सहज होण्यासारखे’ असं छापलेलं होतं. लिहिणाऱ्याच्या घरात त्याचे वडील राहत नसावेत.

माझे राहतात. अण्णा रस्ते खात्यात चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होते, म्हणजे रस्त्यांचे नकाशे काढत होते. आता वय एक्याऐंशी. उजवा हात थोडा थरथरतो, पण नजर अजून पट्टीने आखल्यासारखी सरळ आहे, आणि ती नजर हाच माझ्या आयुष्यातला मोठा त्रास आहे. मी भिंतीवर फळी ठोकली, अण्णांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, “डावीकडे झुकलीय.” मी खिडकीला पडदे लावले, तेही डावीकडे झुकले. एकदा तर मी माझं बढतीचं पत्र त्यांच्या हातात दिलं, तेव्हा म्हणाले, “टाइप करणाऱ्याने समास नीट सोडलेला नाही.” माझं वय सत्तेचाळीस. विमा कंपनीत दावे तपासायच्या विभागात माझ्या हाताखाली सहा माणसं आहेत. तरीही सरळच सांगतो, चौतीस वर्षं रस्ते आखलेल्या या माणसाने माझा रस्ता पाहावा आणि एकदा, आयुष्यात एकदा, ‘चांगला झालाय’ म्हणावं, यासाठी मी हा उद्योग मांडला होता. बायकोला मी ‘विरंगुळा’ असं कारण सांगितलं. ती म्हणाली, “विरंगुळाच हवाय तर माळा आवरा.”

सुट्टीच्या दिवशी सकाळी जेवणाच्या टेबलावर प्लायवूड टाकलं आणि पेन्सिलने हातानेच एक झकास वळणदार रस्ता काढला. वळणांसाठी ताटली आणि वाटी उपडी घातली होती. अण्णा चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले. कप बशीवर ठेवल्याचा आवाज आला आणि मी मनात म्हटलं, आला अभिप्राय.

“हे काय आहे?”

“रस्ता.”

“याचा नकाशा कुठाय?”

“हाच नकाशा. याच्यावरच कापायचं.”

“म्हणजे नकाशाच नाही,” अण्णा म्हणाले. “आणि हे वळण कशाने काढलंस?”

“वाटीने.”

अण्णांनी डोळे मिटले. मग आत गेले आणि त्यांच्या पलंगाखालची लांब पत्र्याची पेटी ओढल्याचा आवाज आला. बारा वर्षं ती पेटी कोणी उघडली नव्हती. तिच्यातून टी-पट्टी, गुण्या, वळणं काढायच्या पारदर्शक पट्ट्या आणि ट्रेसिंग पेपरची पिवळी पडलेली गुंडाळी बाहेर आली. मी खोडरबर घेतला आणि निमूटपणे माझा रस्ता पुसला.

पुढचे अठरा दिवस आमच्या जेवणाच्या टेबलावर रस्ते खातं बसलं. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो. आमचं टेबल तसं चांगलं सहा माणसांचं आहे, आणि आता त्यावर एकही माणूस बसत नव्हता. संध्याकाळी कामावरून आलो की अण्णा मला दिवसाची प्रगती सांगत. पहिल्याच दिवशी रस्ता दुपदरी झाला.

“एकेरी कसा चालेल? समोरून कोणी आलं तर?”

“अण्णा, गाडी एकच आहे.”

“आज एक आहे,” अण्णा म्हणाले.

अशा रीतीने माझी साडेपाच मीटरची खाच अकरा मीटरची झाली. त्यानंतर वळणांचे उतार आले, मैलाचे दगड आले, पाणी वाहून जायला कडेची गटारं आली. टेबलावर पाऊस पडणार नाही हे मी दोनदा सांगून पाहिलं. नकाशासोबत अण्णांनी थरथरत्या पण देखण्या अक्षरात कामाचा तपशील लिहिला. त्यात कलम सात होतं: ‘खाचेत बसवावयाची तार गंज न लागणारी असावी.’ शेवटी ठेकेदार म्हणून माझी सही घेतली. मी न वाचता सही केली. मी रोज आठ तास लोकांना ‘सही करण्यापूर्वी वाचलं नव्हतं का?’ असं विचारण्याचा पगार घेतो.

आता खाच. मासिकात म्हटलं होतं की धारदार कटरने दोन समांतर रेघा माराव्यात आणि मधली साल अलगद उचलावी. मी उचलली. तळहाताएवढा पापुद्रा निघाला आणि एक मैलाचा दगड त्याच्याबरोबर गेला. मग पटाशी आणली. तिने खाच पडली, पण ती रस्त्यापेक्षा रुंद होती. “गटार चांगलं झालंय,” असं बायको म्हणाली, आणि मी ते कौतुक म्हणून घेतलं नाही. प्लायवूडचा नवा तुकडा आणावा लागला, आणि त्यावर नकाशा पुन्हा उतरवायला अण्णांना आणखी चार दिवस लागले.

याच सुमारास खालच्या मजल्यावरचे डॉक्टर वर आले. हे दातांचे डॉक्टर. वय झाल्यामुळे त्यांनी दवाखाना बंद केला, पण हात स्वस्थ बसत नाहीत. ठोकाठोक कसली चाललीय हे विचारायला म्हणून आले आणि माझी खाच पाहून खाली वाकले. बोटाने चाचपली. जिभेने ‘च्यक’ असा आवाज केला.

“कोणी केलं हे?”

“मी.”

“कशाने?”

“पटाशीने.”

“अहो, हा अत्याचार आहे,” डॉक्टर म्हणाले. “खाच कशी हवी? कडा स्वच्छ, तळ सपाट, आतून किंचित रुंद, म्हणजे भरलेलं बाहेर येत नाही. चाळीस वर्षं मी दुसरं केलंय काय? थांबा, माझं मशीन आणतो.”

अण्णांनी डॉक्टरांना नकाशा दाखवला, डॉक्टरांनी अण्णांना कोरायच्या टोकांची डबी दाखवली, आणि पाच मिनिटांत त्या दोघांचं असं जमलं की माझा उल्लेख ‘हा’ असा होऊ लागला. ‘ह्याला लाइट धरू दे.’ ‘ह्याला सांगा, हलू नको म्हणावं.’

डॉक्टरांचं मशीन पायाने चालवायचं होतं. पायाखालची कळ दाबली की दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसाला जो आवाज ऐकू येतो, तोच आवाज आमच्या घरभर घुमायला लागायचा. मी घरातली धूळ ओढायची नळी घेऊन भुसा ओढत उभा. डॉक्टर एकाग्र होऊन कोरत, मधूनच सवयीने म्हणत, “जरा सहन करा हं, झालंच.” हे प्लायवूडला. वीतभर खाच झाली की मशीन बंद करून हात पुसत. “आज एवढं पुरे. पुढची बैठक गुरुवारी.”

“डॉक्टर, अजून दहा मीटर राहिलंय.”

“घाई करून चालत नाही. मुळाशी धक्का लागतो.”

मी मनातल्या मनात हिशेब केला. अकरा मीटर, वीतभर खाच, आठवड्याला दोन बैठका. रस्ता पुढच्या वर्षावर जात होता. सरकारी रस्त्यांना का वेळ लागतो ते मला तेव्हा कळलं, पण हे अण्णांसमोर बोलायची सोय नव्हती.

तिसऱ्या बैठकीला दारावरची बेल वाजली. दारात एक बाई उभ्या होत्या, गालाला रुमाल लावलेला, डोळ्यांत पाणी.

“डॉक्टर आहेत ना?” त्यांनी अर्ध्या तोंडाने विचारलं. “जिन्यात आवाज ऐकला. फार ठणकतंय हो.”

मी त्यांना समजावून सांगणार होतो की हा आवाज दाताचा नसून रस्त्याचा आहे. पण हे वाक्य ठणकणाऱ्या दाढेच्या माणसाला सांगण्यासारखं नाही. तोवर डॉक्टर आतून उठून आलेच. माझ्या टेबलावरचा दिवा घेऊन त्यांनी बाईंना माझ्या सोफ्यावर बसवलं, तोंड उघडायला लावलं, आणि मला म्हणाले, “कोमट पाणी आणा.” मी पाणी घेऊन आलो तेव्हा दार उघडंच होतं आणि दारात आमच्या इमारतीचे सेक्रेटरी वही घेऊन उभे होते.

सेक्रेटरींनी पाहिलं ते असं: सोफ्यावर तोंड उघडून बसलेली बाई, हातात दिवा धरलेले डॉक्टर, कपडे भुशाने पांढरे झालेला मी आणि माझ्या हातात चूळ भरायला पाणी.

“तरीच,” सेक्रेटरी म्हणाले आणि वहीत लिहिलं.

दुसऱ्या दिवशी नोटीस आली. राहत्या जागेत परवानगीशिवाय दवाखाना चालवल्याबद्दल खुलासा करावा. बाईंची दाढ डॉक्टरांनी लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवून शांत केली होती आणि त्या बिचाऱ्या सगळ्या इमारतीत माझ्या दवाखान्याची तारीफ करत होत्या. मी खुलासा लिहायला बसलो, पण अण्णांनी कागद ओढून घेतला. “अर्ज करायची एक पद्धत असते,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळला होता की माझ्याने नको म्हणवेना. ते माझंच चुकलं. अर्ज समितीपुढे गेला तेव्हा मी तो पहिल्यांदा वाचला. विषय असा होता: ‘सदनिकेत अकरा मीटर लांबीचा दुपदरी रस्ता बांधण्यास परवानगी मिळणेबाबत.’ सोबत नकाशा, तीन प्रती.

समितीच्या बैठकीत मला पाऊण तास उभं केलं होतं. रस्ता कुठून सुरू होतो? शेजाऱ्यांची भिंत पाडणार का? वाहनं कोणाच्या जागेत उभी राहणार?

“अहो, खेळण्यातला रस्ता आहे,” मी म्हटलं.

“तसं अर्जात कुठे म्हटलंय?”

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा कोट घालून आले होते. ते शांतपणे उठले आणि म्हणाले, “प्रमाण नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात दिलेलं आहे. ते वाचायची जबाबदारी वाचणाऱ्याची. आणि जड वाहनांना बंदीच राहील.”

ते खाली बसले. समितीतल्या एका सदस्याने जड वाहनांचा मुद्दा लिहून घेतला. शेवटी मंगळवार आणि शनिवार, दुपारी चार ते पाच, आवाज करायला परवानगी मिळाली. मंगळवारी चार वाजता मी कामावर असतो. त्यामुळे मंगळवारी नळी धरायचं काम बायकोकडे गेलं. त्या काळात ती माझ्याशी फार कमी बोलली.

डॉक्टरांनी एकदाचं मशीन माझ्या हातात दिलं ते त्यांना मुलीकडे जायचं होतं म्हणून. जाताना अण्णांना बजावून गेले की ह्याला डोळ्यांआड करू नका. पाच आठवड्यांत खाच पूर्ण झाली. मी हार्डवेअरच्या दुकानात जाऊन कलम सात सांगितलं. दुकानदाराने उत्तम स्टेनलेस स्टीलची तार काढून दिली. “नातवंडं वापरतील, गंजणार नाही,” म्हणाला. मला बरं वाटलं.

तार चिकटवणं हे दिसायला खाच कापण्यापेक्षा सोपं काम आहे. फक्त तारेला वळण नको असतं. एका टोकाला दाबली की दुसऱ्या टोकाला उसळून वर येते. म्हणून मी झटपट चिकटणारा गोंद आणला. सगळ्यात अवघड होतं ते इंग्रजी यू अक्षरासारखं तीव्र वळण. तिथे मी तार अंगठ्याने दाबून मनातल्या मनात वीस आकडे मोजले, आणि एकविसाव्या आकड्याला लक्षात आलं की तार चिकटली आहे आणि अंगठाही चिकटला आहे. सोडवायला तर्जनी लावली. तीही चिकटली.

“अहो, तुमच्या साहेबांचा फोन आहे,” बायको आतून म्हणाली.

“सांग, मी रस्त्यात आहे.”

“घरात आहेत म्हणून सांगून बसलेय मी.”

तिने फोन माझ्या कानाला लावून धरला. पाच फुटी रस्त्यावर ओणवा होऊन मी साहेबांना आगीच्या एका दाव्याची माहिती दिली. अण्णा समोर बसून अंगठ्याचं निरीक्षण करत होते. फोन संपल्यावर म्हणाले, “वळणावर अडथळा नको. काढून घे.” बायकोने साबणाचं कोमट पाणी ओतून ओतून मला अर्ध्या तासाने मोकळा केला. माझ्या अंगठ्याची थोडी कातडी त्या वळणात अजून आहे. त्यावर पुट्टी भरली, काचकागद मारला, करडा रंग दिला, अण्णांनी थरथरत्या हाताने मधली पांढरी रेघ तुटक तुटक काढली. ती रेघ मात्र एकदाही हलली नाही, ते मी पाहिलं.

गाडी मी टपालाने मागवली होती. ती पोस्टात अडकली होती. खिडकीवरच्या कारकुनाने डबा हलवून पाहिला.

“काय आहे?”

“गाडी. खेळण्यातली.”

“मुलासाठी?”

“नाही.”

“मग नातवासाठी,” त्याने स्वतःच ठरवलं आणि फॉर्मवर लिहून टाकलं. सत्तेचाळिसाव्या वर्षी मला कागदोपत्री नातू झाला. मागे रांग होती, म्हणून मी गप्प बसलो.

त्या संध्याकाळी सगळे टेबलाभोवती जमले. डॉक्टर परत आले होते, ते खास इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी गाडी रस्त्यावर ठेवली आणि खालची कळ सरकवली. गाडी निघाली. सरळ निघाली. पहिलं वळण आलं. गाडी सरळच गेली. गटार ओलांडलं, मैलाचा दगड पाडला आणि टेबलावरून खाली पडली. मी ती उचलली, पुन्हा ठेवली. पुन्हा पडली. मी गाडी हातात घेऊन चुंबक रस्त्याला टेकवून पाहिला. जराही ओढ नाही.

“चुंबक खराब निघाला,” डॉक्टर म्हणाले.

मी चुंबक पक्कडीला लावला. खट्कन चिकटला.

“तार कसली घातलीत?” बायकोने विचारलं.

“स्टीलची. उत्तम प्रतीची.”

“मग कसा चिकटेल? भांड्यांच्या दुकानात चुंबक लावूनच बघतात की. चिकटला तर भांडं हलकं. चांगल्या स्टीलला चिकटतच नाही.” तिने पक्कड चुंबकापासून ओढून काढली. “मला कोणी विचारलंच नाही.”

डॉक्टरांना एकदम घरचं काहीतरी आठवलं. मी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी तपशिलाचा कागद काढून कलम सात वाचलं, घडी घालून परत खिशात ठेवलं.

“कलमात दोष नाही,” ते म्हणाले. “गंज न लागणारी म्हटलंय, ती गंजलेली नाही. बाकीची अक्कल ठेकेदाराने वापरायची असते.”

आता मी चिडत नाही असं नाही, पण मी साधारण मनातल्या मनात चिडतो. त्या दिवशी बाहेर आलं. “ठेकेदार गेला खड्ड्यात!” मी ओरडलो. “तीन महिने! तीन महिने मी तुमचं ऐकतोय! माझा वाटीचा रस्ता दोन दिवसांत झाला असता! वाकडा झाला असता, पण चालला असता! तुम्हाला काही चांगलं म्हणायचंच नसतं तर कशाला करू मी?” आणि पक्कड टेबलावर आपटून मी आत जाऊन पलंगावर पडलो. आपल्या वडिलांना ओरडल्यावर माणसाला मोकळं वाटतं असं जे कोणी म्हणत असेल, त्याला तसं वाटत असेल. मी मात्र रात्री जेवायलाही बाहेर आलो नाही.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना मी ठरवूनच आलो होतो की ते प्लायवूड गच्चीवर नेऊन टाकायचं. दार उघडलं तर अण्णा टेबलाशी वाकून बसले होते. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून, पक्कडीने रस्त्यातली तार उपसत होते. सकाळपासूनची मेहनत दिसत होती. हातभर तार निघाली होती, वाकडीतिकडी, पुट्टीचे तुकडे लागलेली. त्यांच्या चष्म्यावर पांढरी धूळ बसली होती.

मी तिथेच उभा राहिलो. त्यांनी वर पाहिलं नाही.

“ठेकेदार पळून गेला की खात्यालाच करावं लागतं,” ते म्हणाले.

मी डबा ठेवला, हात धुतले आणि दुसरी पक्कड घेतली. आम्ही नऊ दिवस तार उपसली. त्या नऊ दिवसांत आम्ही रस्त्याखेरीज काही बोललो नाही, म्हणजे नेहमीपेक्षा जास्तच बोललो. बांधकामावर सळ्या बांधायला वापरतात ती साधी काळी लोखंडी तार बायकोने जाऊन आणली, आणि दुकानातच स्वतःच्या पर्समधला चुंबक लावून पाहिला. पर्समध्ये चुंबक का आहे हे मी विचारलं नाही. या वेळी खाचेत तार तिने दाबली, पेन्सिलच्या टोकाने. तिचा अंगठा चिकटला नाही.

दुसऱ्या उद्घाटनाला मी कोणाला बोलावलं नव्हतं, तरी डॉक्टर आले, आणि सेक्रेटरीही आले. आवाजाची वेळ संपली आहे हे सांगायला आले होते, पण थांबले. मी गाडी ठेवली आणि कळ सरकवली. मी डोळे मिटून घेतले होते. चाकांची घरघर ऐकू आली, मग डॉक्टरांनी टाळी वाजवली. डोळे उघडले तर गाडी पहिल्या वळणावर सुरेख वळून उताराला लागली होती. मैलाचे दगड गेले, यू वळणावर ती जराशी अडखळली, पण सावरली आणि फेरी पूर्ण करून परत माझ्यासमोर आली. सेक्रेटरी म्हणाले, “वा!” बायको हसली, तीन महिन्यांनी. मी अण्णांकडे वळलो.

अण्णांची खुर्ची रिकामी होती.

आता मात्र हद्द झाली. मी तरातरा त्यांच्या खोलीत गेलो. ते पलंगावर बसून चष्मा पुसत होते. काचा कधीच स्वच्छ झाल्या होत्या, तरी पुसतच होते.

“अण्णा, चालली ना गाडी? आता तरी काही बोलाल की नाही?”

“चौतीस वर्षं मी आत बसून काढली,” अण्णा म्हणाले. “नकाशा झाला की साहेब सही करायचे आणि कागद वर जायचा. कुठला रस्ता झाला, कुठला नाही, आम्हाला कोण सांगतंय? आणि बघायला जायचं म्हटलं तर सगळे लांबलांबचे.” त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला. “मी आखलेल्या रस्त्यावरून गाडी जाताना मी आज पाहिली रे. पहिल्यांदाच.”

मी त्यांना हाताला धरून उठवलं आणि बाहेर आणलं. सगळे बाजूला झाले. मी गाडी पुन्हा सोडली. अण्णा टेबलावर दोन्ही हात टेकून, अगदी खाली वाकून बघत होते. यू वळणावर गाडी पुन्हा अडखळली.

“बघितलंस?” अण्णा हळूच म्हणाले, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं. “तिथे त्रिज्या कमी घेतली मी. आणि तारेचंही, लोखंडी म्हणून लिहायला हवं होतं. चूक माझी आहे.”

हे ऐकायला मी सत्तेचाळीस वर्षं थांबलो होतो. यावर काय बोलायचं याची तयारी तर मी शाळेत असल्यापासून करत आलो होतो. त्या वळणाकडे बघून मी म्हटलं, “नाही हो अण्णा. वळण चांगलं झालंय.”

“तुला काय कळतंय त्यातलं?” अण्णा म्हणाले. “चालव परत.”